बायोडिझेलमध्ये मुद्दाम पाणी घालावं का?

यंत्रमास्तर
डिझेलात पाणी निघालं की आपण पंपावर भांडायला जातो. मी पाणी घालण्याच्या बाजूने लिहितोय, तेव्हा शिव्या जरा दमाने द्या.

करंजाच्या किंवा तळणाच्या उरलेल्या तेलाच्या बायोडिझेलमध्ये वजनाने १०-११ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून धूर कमी. पण नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे नॉक्स, बहुधा थोडं वाढतं. त्यावर उतारा इमल्शनचा, म्हणजे इंधनात पाण्याचे बारीक थेंब पसरवलेल्या मिश्रणाचा. साधारण १० टक्के पाणी, स्पॅन ८० आणि ट्वीन ८० ही पायसकारकं, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणारी रसायनं, थोडी, आणि जोरदार घुसळण. दुधासारखं पांढरं इंधन होतं. सिलिंडरमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होते, ज्योतीचं तापमान उतरतं आणि नॉक्स घटतं. शिवाय थेंबाच्या पोटातलं पाणी आधी उकळून थेंब फोडतं, त्यामुळे हवेशी मिसळण सुधारते. साध्या डिझेलचं असं इंधन फ्रान्समध्ये अ‍ॅक्वाझोल नावाने निघालं होतं, त्यात सुमारे १३ टक्के पाणी होतं.

बीएस-६ गाड्यांबद्दल मी बोलतच नाहीये. सोसायट्यांच्या मागे काळा धूर ओकणारे जुने जनरेटर आहेत ना, त्यांना हे द्या.

नोझलनाना
मास्तर, माझी हयात पंप आणि नोझल खोलण्यात गेली. इंधनपंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि त्याच्या बॅरलमधली (नळीतली) फट मायक्रॉनमध्ये मोजायची, तिथे वंगण कसलं? तर इंधनाचंच. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरलेल्या जनरेटर सेटचा प्लंजर मी हातोडीने काढलाय. आयएस १५६०७ मानकाप्रमाणे बायोडिझेलमध्ये किलोला ५०० मिलिग्रॅमच पाणी चालतं. तुमचे १० टक्के म्हणजे त्याच्या २०० पट!

यंत्रमास्तर
नाना, ती मर्यादा मोकळ्या पाण्याच्या धास्तीने आहे. इमल्शनमध्ये प्रत्येक पाण्याच्या थेंबाभोवती तेल असतं, धातूला लागतं ते तेलच.

नोझलनाना
जोवर फुटत नाही तोवर. दह्यावर निवळ येते ती पाहिलीय ना?

आकडेमोड
मी सरळ हिशेब मांडतो. डिझेलची उष्णता किलोला साधारण ४२.५ मेगाज्यूल, बायोडिझेलची ३७.५. त्यात १० टक्के पाणी घातलं की उरले ३३.७५. घनता धरून लिटरवर आणलं तर डिझेल ३५ च्या आसपास आणि हे ३०. तेवढीच वीज काढायला १७-१८ टक्के जास्त इंधन ढकलावं लागेल, आणि पंपाची मर्यादा तीच ठेवली तर सेट पूर्ण लोड ओढणार नाही. लिफ्टच्या वेळी कळेल.

एक गोष्ट मात्र मास्तरांच्या बाजूने. वाफ करण्यात ऊर्जा वाया जाते म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं: किलोभर इमल्शनमधल्या १०० ग्रॅम पाण्याला ०.२३ मेगाज्यूल लागतात, एक टक्काही नाही.

कॉलेजच्या प्रबंधांत ‘इंधनखप कमी झाला’ वाचलं की आधी बघा, पाण्याचं वजन धरलंय की सोडलंय. सोडलं की खप आपोआप कमी दिसतो.

यंत्रमास्तर
खपाचं मान्य. म्हणून औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे इंधनातल्या उष्णतेपैकी किती कामी आली ते, बघावी, तिथे ही हातचलाखी चालत नाही. ती पूर्ण लोडला किंचित वाढलेली बऱ्याच चाचण्यांत दिसते. कमी लोडला मात्र सिलिंडर थंड पडून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन वाढतं, हे मी लपवत नाही. पाण्यामुळे पेट घ्यायला उशीर होतो, पण बायोडिझेलचा सीटेन आकडा, म्हणजे चटकन पेट घेण्याचं माप, मुळात चांगला असल्याने तो धक्का त्याला साध्या डिझेलपेक्षा बरा सोसतो.

थेंबशंका
थेंब फुटतो म्हणता, पाहिलाय कुणी? ते व्हिडिओ तारेला टांगलेल्या मिलिमीटरभर थेंबाचे, तेही साध्या हवेच्या दाबात. इंजिनातला थेंब काही दहा मायक्रॉनचा, आणि ४० बारला, म्हणजे साध्या हवेच्या सुमारे ४० पट दाबाला, पाणी २५० अंशांना उकळतं. नॉक्स घटतं यावर माझा विश्वास आहे. पण फुटण्याचं श्रेय जरा उधारीवर ठेवा.

यंत्रमास्तर
हरकत घेण्याजोगी आहे, घेतली.

नोझलनाना
मला एक सांगा, या चाचण्या चालतात किती तास? एका सिलिंडरचं ५.२ किलोवॅटचं किर्लोस्कर इंजिन, मिनिटाला १५०० फेऱ्या, पाच लोड, संध्याकाळी अहवाल तयार. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते सहा महिन्यांनी.

यंत्रमास्तर
म्हणूनच इमल्शन साठवायचं नाही, सेटजवळच घुसळून लगेच जाळायचं. बंद करण्याआधी दहा मिनिटं साध्या डिझेलवर चालवायचं, म्हणजे पंपात पाणी राहत नाही.

नोझलनाना
लाइट आली की वॉचमन सगळ्यात आधी काय करतो, ठाऊक आहे ना? सेट बंद. त्याला तुमची दहा मिनिटं कोण सांगणार?