'इनव्हॅलिड'ला 'अवैध' नको, मग काय?

रानजाई: तालुक्याच्या शाळेत दर शनिवारी आठवीच्या पोरांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. एरर मेसेजेसचा मराठी तक्ता भिंतीवर लावला, 'इनव्हॅलिड सिंटॅक्स'ला लिहिलं 'अवैध वाक्यरचना'. एका मुलीचा 'फॉर' या आज्ञेच्या ओळीत शेवटचा कोलन (:) राहिला, तिने तक्ता वाचला आणि कीबोर्डवरचे हातच काढून घेतले. "मॅडम, अवैध म्हणजे गुन्हा ना?" तिच्या गावात हा शब्द वाळूउपशापुढेच ऐकू येतो. अमान्य? चुकीची? सुचवा काहीतरी.

कंदील: वैध म्हणजे विधीला, नियमाला धरून. शब्द अचूक आहे, पेपरवाल्यांनी नासवला म्हणून टाकायचा का? सावरकरांचा दिनांक रुळलाच ना?

उंबरठा: फॉर्मवर रुळला. घरात आजही "आज तारीख काय" असंच विचारतो आपण. त्यापेक्षा 'त्रुटी' घ्या.

वाळवण: त्रुटी नको हो! वडील पंचायत समितीत होते, 'त्रुटीपूर्तता करा' म्हणजे कागद जोडायचा राहिलाय. त्रुटी, तूट, तुटणे सगळे एकाच घरातले. कोलन राहिला ती त्रुटी, पण जास्तीची स्पेस पडली तर ती त्रुटी कशी?

दूरदेशी: मी जर्मनीत आहे, इथे जीसीसी या कंपायलरचे (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामचे) मेसेज जर्मनमध्ये येतात आणि टीममधले जर्मनच ते इंग्रजी करून घेतात, कारण नेटवर उत्तरं इंग्रजी मेसेजखालीच सापडतात. ताई, मराठी जरूर करा पण मूळ ओळ पुसू नका.

रानजाई: नाही पुसणार, खाली राहीलच. पण शोधायच्या आधी तिला काय बिघडलंय ते कळायला तर हवं! पायथन ३.१० पासून (२०२१) असा कोलन राहिला तर तो सरळ कोलन हवा होता असं सांगतो, पण आमची मशीनं विंडोज ७ ची, त्यावर ३.८ च्या पुढचं चढत नाही, म्हणून अजून 'इनव्हॅलिड'च. मी तक्त्यावर 'इथे काहीतरी बसत नाहीये, ओळीचा शेवट बघ' लिहू का?

कंदील: ही समजूत झाली, संज्ञा नव्हे. आणि कोलन काय, अपूर्णविराम म्हणा, व्याकरणात शिकवतात.

उंबरठा: शिकवतात, पण तोंडाने म्हणतं कोण? आमच्याकडे 'दोन टिंबं'.

वाळवण: दोन टिंबं तर विसर्गालाही असतात. माझा मराठी कीबोर्ड चालू राहिला होता, कोलनच्या जागी विसर्ग पडला, दिसायला हुबेहूब, अर्धा तास गेला माझा त्यात.

कंदील: म्हणूनच म्हणतोय, अपूर्णविराम.