उंबराचे फूल नेमके असते कुठे, आणि आतले किडे येतात कुठून?

परड्यातली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातील आमच्या घरामागच्या परड्यात सासऱ्यांच्या वेळचे उंबराचे झाड आहे. दत्ताचे झाड म्हणून त्याच्या फांदीला कोणी कोयता लावत नाही आणि दर गुरुवारी बुंध्याशी दिवा लागतो. मुलगी यंदा दहावीला आहे. शाळेत पुनरुत्पादनाचा धडा शिकवून झाला. पुंकेसर, स्त्रीकेसर, परागण, फलन, मग फळ आणि बी हा क्रम तिला तोंडपाठ आहे. त्याच भरात तिने विचारले, आपल्या उंबराला फूल कधी येते? मी सवयीने सांगून टाकले की उंबराचे फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही, पडलेच तर भाग्य उजळते. त्यावर तिचे म्हणणे असे की फूलच येत नसेल, तर झाडाखाली पडलेला हा सडा कशाचा?

मला उत्तर सुचेना, म्हणून आम्ही विळीवर तीन उंबरे चिरली. पहिले लहान, कडक आणि हिरवे होते. आत पोकळी, आणि पोकळीच्या भिंतीला दाटीने चिकटलेले पांढुरके-गुलाबी तंतू. दुसरे त्याहून मोठे, पण अजून हिरवेच. ते चिरताच पंख असलेली काळसर चिलटे बाहेर आली आणि विळीच्या पात्यावरून उडून गेली. तिसरे खाली पडलेले, पिकून लाल झालेले. त्यात गर, बारीक बिया आणि काही मेलेले किडे होते. दुसरे उंबर चिरण्याआधी मी चारही बाजूंनी निरखले होते. त्याला कोठेही छिद्र नव्हते. सासूबाई म्हणतात, हे किडे आतच उत्पन्न होतात. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

शिवाय, अंजीर दिसायला उंबराचेच भावंड. मग बाजारातून आणलेल्या अंजिरात हे किडे कसे सापडत नाहीत? कोणी सविस्तर सांगू शकेल का?

खडू_फळा

ताई, आपण ज्याला कच्चे उंबर म्हणता, तेच उंबराचे फूल आहे. अधिक नेमके सांगायचे तर तो हजारो फुलांचा गुच्छ आहे. सूर्यफूल हे जसे एक फूल नसून अनेक लहान फुलांची थाळी असते, तशी एखादी थाळी कडा आत वळवून मडक्यासारखी मिटवली, तर फुले आतल्या बाजूला कोंडली जातील. उंबर, वड, पिंपळ आणि अंजीर यांच्यात हेच घडलेले आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या रचनेला कुंभासनी पुष्पबंध म्हणतात, आणि हा शब्द मला फार समर्पक वाटतो. आपण चिरलेल्या पहिल्या उंबरातले पांढुरके तंतू ही मादी फुले होती. उंबराचे फूल दिसत नाही या म्हणण्यात एवढेच तथ्य आहे की ते बाहेरून दिसत नाही.

आता मडके बंद असेल तर परागकण आत पोहोचणार कसे? देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक खवल्यांनी झाकलेले एक तोंड असते. दुसऱ्या उंबरात आपल्याला छिद्र दिसले नाही, कारण ते या खवल्यांनी गच्च बुजलेले होते. आतली मादी फुले तयार होतात तेव्हा हे खवले किंचित सैल पडतात आणि उंबराला एक विशिष्ट वास सुटतो. आपल्याला तो जाणवतही नाही, परंतु गांधीलमाशीच्या दूरच्या गोतावळ्यातील, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या एका कीटकाला तो बरोबर कळतो. शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. आपण सोयीसाठी तिला उंबरमाशी म्हणू. ही मादी खवल्यांच्या फटीतून अंग रेटत आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख तेथेच तुटतात. कित्येकदा उंबराच्या तोंडाशी ते अडकलेले सापडतात. म्हणजे आत गेलेली माशी पुन्हा उडणार नसते.

तिच्या छातीच्या दोन्ही बाजूंना छोटे खिसे असतात आणि त्यांत दुसऱ्या झाडावरून आणलेले परागकण भरलेले असतात. पुढच्या पायांनी ती ते काढून फुलांच्या कुक्षींवर, म्हणजे स्त्रीकेसरांच्या टोकांवर, ठेवते. परागकण योगायोगाने अंगाला चिकटून येण्याचा प्रकार हा नव्हे. ती ते मुद्दाम भरून आणते आणि मुद्दाम टाकते. त्याच वेळी ती आपली अंडी घालण्याची नलिका फुलाच्या कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्यातून, खाली घालून बीजांडाजवळ अंडे घालते. ज्या फुलात अंडे पडले, तेथे बी न होता एक गाठ होते आणि अळी तिच्यात वाढते. ज्या फुलात अंडे पडले नाही पण परागकण पोहोचले, तेथे बी धरते. फुलांचे कुक्षीवृंत कमीअधिक लांबीचे असल्यामुळे काही बीजांडांपर्यंत तिची नलिका सहज पोहोचते आणि काहींपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे उंबराच्या वाट्याला बिया येतात, माशीच्या वाट्याला पिल्ले. हे काम उरकून ती आतच मरते.

यानंतर साधारण महिनाभर बाहेरून काही घडताना दिसत नाही. मग गाठी कुरतडून आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, डोळे नावापुरते असतात, रंग फिकट पिवळसर. ते अजून गाठींत बंद असलेल्या माद्यांशी मीलन करतात. पुढे माद्या बाहेर पडतात, आणि नेमकी त्याच सुमारास उंबराच्या तोंडाजवळची नर फुले पक्व होऊन पराग सोडू लागतात. ही नर फुले मादी फुलांनंतर कित्येक आठवड्यांनी उमलतात. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या जास्वंदीप्रमाणे दोन्ही एका वेळी नांदत नाहीत. माद्या खिसे भरून घेतात, नर उंबराच्या भिंतीत बोगदा पाडतात, आणि माद्या त्यातून उडून जातात. आपल्या विळीवरून उडाल्या त्या याच. बोगदा पडण्याच्या थोडे आधी आपण उंबर चिरलेत, इतकेच.

सासूबाईंचे निरीक्षण चुकीचे नाही. किडे खरोखरच आत जन्मतात. फक्त त्यांची आई बाहेरून आलेली असते.

पुरंदरचा_बागायतदार

मास्तरांनी उंबराचे सांगितले, अंजिराचे मी सांगतो. सासवडच्या बाजूला आमची अंजिराची बाग आहे. आमच्याकडची पुना अंजीर ही जात परागण न होताच फळ धरते. आत फुले असतात, पण ती सगळी मादी. माशी येत नाही आणि तिची गरजही पडत नाही. खाताना दाताखाली ज्या बिया कुरकुरतात त्या आतून पोकळ असतात. त्या पेरून रोप मिळणार नाही. म्हणून आपल्या अंजिरात किडे नसतात. झाडावर फार पिकून तडकलेल्या फळात मुंग्या किंवा माश्या शिरतात, ती गोष्ट वेगळी.

बीच नाही, मग बाग वाढते कशी, असा प्रश्न मुलीला पडेल. छाटणीच्या वेळी निघालेल्या पक्व काड्यांचे तुकडे पिशवीत लावायचे. मुळ्या फुटल्या की रोप तयार. यालाच पुस्तकात शाकीय पुनरुत्पादन म्हणत असावेत. म्हणजे आमच्या बागेतली सगळी झाडे हे खरे तर एकाच झाडाचे तुकडे आहेत. त्याचा फायदा असा की पावसाळी खट्टा बहार असो की उन्हाळी मीठा, फळाचा गुण प्रत्येक झाडावर सारखाच. तोटाही त्यातच आहे. तांबेरा हा बुरशीचा रोग आला की सगळ्या बागेवर सारखाच येतो. एका वर्षी पावसाची उघडीप वेळेवर मिळाली नाही आणि पंधरवड्यात पानांच्या मागे तपकिरी पूड धरून अख्खी बाग उघडी पडली. बियांपासून वाढलेली झाडे असती तर त्यांतली दोन-चार तरी टिकली असती, असे मला तेव्हा वाटून गेले.

सगळीच अंजिरे अशी नसतात. तुर्कस्तानातील स्मर्ना जातीच्या अंजिराला माशीवाचून फळच टिकत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लोकांनी ती झाडे हौसेने लावली, आणि वर्षानुवर्षे कच्ची फळे गळून पडत राहिली. पुढे रानअंजीर आणि त्यातली माशी मुद्दाम नेऊन १८९९ च्या सुमारास ती तेथे स्थिरावली, तेव्हा कोठे फळ हाती आले.

परड्यातली

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवले. आई बाहेरून येते हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले. मुलीचे आणखी दोन प्रश्न आहेत. एकाच उंबरातले नर आणि माद्या बहुधा एकाच आईची पिल्ले असतील, तर हे भावाबहिणींचे मीलन झाले ना? आणि उडून गेलेली माशी आमच्याच झाडावरच्या दुसऱ्या उंबरात का शिरत नाही?

दुर्बीण_आणि_वही

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि त्यात अवघडून जाण्यासारखे काही नाही. उंबरात एकच माशी शिरली असेल तर तसेच घडते. त्यामागची आकडेमोड मात्र सुंदर आहे. मुंग्या आणि मधमाश्यांप्रमाणेच या माशीतही फलन झालेल्या अंड्यातून मादी आणि फलन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो. म्हणजे नराला आजोबा असतो पण बाप नसतो. कोणते अंडे फलित करायचे हे आईच्या हाती असते. सगळी मीलने त्या बंद मडक्यातच होणार असतील तर थोडे नर पुरेसे आहेत, म्हणून ती बहुतेक माद्याच जन्माला घालते. एकाच उंबरात अनेक माश्या शिरल्या तर नरांचे प्रमाण वाढते. विल्यम हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हे गणित मांडले आणि अंजीरवर्गीय झाडांच्या माश्यांवर ते पुढे पडताळून पाहिले गेले.

माणसाचे गणित निराळे आहे. आईच्या अंडपेशीतून २३ आणि वडिलांच्या शुक्रपेशीतून २३ गुणसूत्रे आल्याशिवाय मूल संभवत नाही, आणि मुलगा की मुलगी हे शुक्रपेशीत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर ठरते. आई दोन्ही वेळा एक्सच देते. तरीही मुली झाल्या की बोल सुनेला लागतो. निवड खरोखर आईच्या हाती असते ती उंबरमाशीत.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. एका झाडावरची उंबरे बहुतेक एकाच सुमारास एका अवस्थेत असतात. त्यामुळे माद्या बाहेर पडतात तेव्हा त्याच झाडावर आत शिरण्याजोगे उंबर सहसा नसते आणि त्यांना दुसरे झाड शोधावेच लागते. प्रत्येक झाडाचे वेळापत्रक वेगळे, म्हणून कोठे ना कोठे एखादे झाड तयार असते, आणि म्हणूनच तांबट, कोकिळा, हरियाल आणि वटवाघळांना वर्षभर कोठे तरी उंबर मिळते. झाडाचे परपरागण होते ते या सक्तीमुळे. बागायतदार दादांना जे वैविध्य हवे होते, ते उंबराला येथून मिळते.

आता आपण एखाद्या संकुचित माणसाला उंबरातला किडा म्हणतो. नराला ते लागू पडते. मादीला मुळीच नाही. नामिबियाच्या वाळवंटातील उगाब नदीकाठी उंबराच्या जवळच्या नात्यातील झाडांचा अभ्यास झाला. तेथे झाडे विरळ असल्याने बियांच्या जनुकांवरून कोणत्या बीचा बाप कोणते झाड हे ओळखता आले. माश्यांनी परागकण १६० किलोमीटरपर्यंत नेले होते. एवढासा जीव, पंखांचे बळ ते काय. वाऱ्यावर स्वार होऊन ती जाते. आयुष्य मात्र एक-दोन दिवसांचे.

खडू_फळा

एक पुरवणी जोडतो. जैन परंपरेत वड, पिंपळ, उंबर यांसह पाच उदुंबरफळे वर्ज्य मानली आहेत, कारण त्यांत जीव असतात. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात हे निरीक्षण झाले होते, हे मुलीला अवश्य सांगा.

आणि तिला प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पूर्ण वाढलेली, अजून हिरवट पण दाबल्यावर जरा मऊ लागणारी चार-पाच उंबरे काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचा फडका बांधावा. विळी लावू नये. नरांना त्यांचे काम करू द्यावे.

परड्यातली

बरणी ओट्यावर ठेवली होती. दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एका उंबराच्या तोंडाजवळ टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र दिसले आणि फडक्याच्या आतल्या बाजूला काळ्या माश्या चिकटून होत्या. मुलीने चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग सोडून दिले. बरणीच्या तळाशी पिवळसर, बिनपंखी असे सहा-सात नर पडलेले होते. त्यांतले दोन अजून हलत होते. भिंगातून पाहताना तिला एका माशीच्या छातीवर फिकट ठिपका दिसला. तो परागकणांचा खिसाच होता की आणखी काही, हे सांगण्याइतके आमचे भिंग चांगले नाही. सासूबाईंनी बरणी परड्यात नेऊन झाडापासून लांब, विहिरीच्या कठड्यावर उघडली, कारण आपल्या झाडावर आता त्यांना घेणारे उंबर नाही, हे त्यांच्या लक्षात राहिले होते.