थरांच्या प्लायवूडचे स्पीकर-खोके: थर खालून वर रचावेत की पुढून मागे?

प्रश्न

नमस्कार. ठाण्यातील आमच्या दिवाणखान्यातील ५.१ होम थिएटरसाठी पुढचे दोन स्पीकर स्वतः बनवावेत असा विचार आहे. रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त खोल, खर्जातल्या आवाजाचा स्पीकर) आधीच आहेत. साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) व ट्वीटर (वरच्या सुरांचा) घेऊन ठेवले असून वूफरच्या माहितीपत्रकात अनुनाद वारंवारिता ५० हर्ट्झ, एकूण क्यू (अनुनाद किती मोकाट राहतो याचे माप) ०.४ आणि समतुल्य हवेचे आकारमान (शंकूच्या लवचीकपणाएवढीच स्प्रिंग देणारी हवा) २० लिटर असे आकडे दिले आहेत.

सहा फळ्या जोडून चौकोनी खोके करण्याऐवजी १८ मिमी प्लायवूडच्या कड्या कापून, त्या एकावर एक चिकटवून खोके उभे करावे, म्हणजे बाजूंना हवी तशी वक्रता देता येईल आणि प्लायच्या कडेवरील गडद-फिक्या रेषा पॉलिशखाली उठून दिसतील, अशी कल्पना आहे. वरून पाहता थेंबाच्या आकाराच्या, मागे निमुळत्या होत जाणाऱ्या २२ कड्या खालून वर रचल्या की सुमारे ४० सेंमी उंची मिळते. पुढच्या सपाट भागावर स्वतंत्र फळी चिकटवून तिच्यात वूफर बसवायचा बेत आहे.

खोक्याचे आतले आकारमान किती ठेवावे, कडीची भिंत किती जाड असावी आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हा प्रकार टिकतो का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

माझे आयुष्य कोल्हापुरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने) करण्यात गेले, त्यामुळे थरांवर थर चिकटवून आकार काढणे हे माझ्या हातचे काम आहे. तरीही स्पीकरच्या पहिल्या जोडीत मी नेमकी तीच चूक केली जी आपण करू पाहत आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लायवूड लांबी-रुंदीत जवळजवळ स्थिर राहते, कारण त्याच्या आतल्या एका पातळ थराचे तंतू दुसऱ्या थराच्या तंतूंना आडवे असतात आणि एकमेकांना फुगू देत नाहीत. जाडीच्या दिशेने मात्र असे कोणतेही बंधन नसते. तिथे ते साध्या लाकडासारखेच फुगते आणि आक्रसते. प्लायच्या एका पत्र्यात हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. पण आपण २२ पत्रे एकावर एक रचता, तेव्हा खोक्याची संपूर्ण उंची ही प्लायची जाडीच झालेली असते. तिच्यावर उभी, न हलणारी फळी घट्ट चिकटवली की पावसाळ्यात खोके वाढू पाहते, उन्हाळ्यात आक्रसू पाहते आणि फळी त्याला दोन्ही करू देत नाही. माझी जोडी गणपतीच्या सुमारास पूर्ण झाली आणि एप्रिलमध्ये पुढच्या फळीलगतच्या दोन सांध्यांत केसाएवढी भेग दिसली. दिसायला क्षुल्लक, पण बंद, म्हणजे हवाबंद, खोके बिघडायला तेवढी गळतीही पुरते.

दुसरी अडचण स्क्रूची. खालून वर रचलेल्या खोक्यात पुढची बाजू म्हणजे प्लायची कड असते, आणि कडेत मारलेला स्क्रू थर फाकवतो. म्हणजे आपल्याला स्वतंत्र फळी हवीच हवी, आणि ती चिकटवताही येत नाही. ती पुढून बोल्टने, मध्ये फोमची पट्टी घालून आणि बोल्टची भोके उभट ठेवून बसवता येईल, पण मग थरांचे ते देखणेपण निम्मे झाकले जाते.

म्हणून थर पुढून मागे रचा, असे माझे मत आहे. पहिले दोन थर पूर्ण भरीव ठेवा, तीच आपली पुढची फळी. त्यांच्यात स्क्रू प्लायच्या तोंडावर बसतात, चांगले धरतात, आणि हंगामाप्रमाणे जी काही हालचाल व्हायची ती खोलीच्या दिशेने मोकळेपणाने होते. दुसऱ्या थरातील वूफरचे भोक मागच्या बाजूने ४५ अंशांत उतरते करायला विसरू नका. नाहीतर ३६ मिमी जाड भोकातून वूफरच्या पाठीला श्वास घेता येत नाही.

प्रतिसाद २

आकारमानाचे उत्तर आपल्याच आकड्यांत आहे. बंद खोक्यात वूफरचा क्यू वाढतो, तो ०.७०७ वर आणायचा असेल तर ०.७०७ ला ०.४ ने भागून वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि त्या संख्येने २० लिटरना भागावे. उत्तर सुमारे ९.४ लिटर येते. त्याच हिशेबाने खोक्यातील वूफरची अनुनाद वारंवारिता ५० वरून साधारण ८८ हर्ट्झवर जाते.

हा आकडा पाहून निराश होऊ नये, कारण होम थिएटरमध्ये तो सोयीचाच आहे. रिसीव्हरचा क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबवूफरकडे वळवला जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवला की बऱ्याच रिसीव्हरांमध्ये मुख्य स्पीकरला त्याखाली दर सप्तकाला (वारंवारिता निम्मी होताना) १२ डेसिबलचा उतार मिळतो. बंद खोक्याचा स्वतःचा नैसर्गिक उतारही तेवढाच असतो. दोन्ही मिळून २४ डेसिबलचा, लिंकविट्झ आणि रायली यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या फिल्टरच्या जवळ जाणारा उतार तयार होतो आणि तो सबवूफरच्या उताराशी चांगला जुळतो. पोर्टचे, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेले, खोके केले असते तर हे गणित इतके सरळ राहिले नसते.

थरांचे खोके अधिक ताठ असते, हे मात्र मी अर्धेच मान्य करतो. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून २५ मिमीची भिंत १८ मिमीपेक्षा सुमारे २.७ पट ताठ, हा हिशेब एकाच प्रकारे ठेवलेल्या प्लायसाठी बरोबर आहे. रचलेल्या खोक्यात भिंत कडीच्या दिशेने खरोखर ताठ असते. पण थरांना आडव्या दिशेने ताण आला की तो लाकडाच्या तंतूंवर न येता त्यांच्या मधल्या, पुष्कळ नरम भागावर येतो. त्यावर उपायही याच पद्धतीत आयता मिळतो. दर चार कड्यांमागे एका कडीचा मधला भाग पूर्ण न काढता ३ सेंमी रुंदीचा एक पूल सोडावा. साध्या खोक्यात असे आडवे आधार मोजून, कापून, चिकटवावे लागतात. इथे ते कापतानाच तयार होतात. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचे खरे समर्थन हेच आहे. वक्र बाजूंचे कौतुक जरा जास्तच होते, कारण आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला की समोरासमोरच्या भिंतींमुळे ५०० हर्ट्झच्या वर उभ्या राहणाऱ्या लहरी बऱ्याच शमतात.

प्रतिसाद ३

फक्त प्लायच्या खरेदीविषयी लिहितो. आमचे फर्निचरचे काम आहे. सनमायकाखाली जे खपते ते इथे खपणार नाही, कारण आपण कडच दाखवणार आहात. दुकानात पत्र्याचा दर्शनी भाग पाहू नका. चारही कडा पाहा आणि कापलेला तुकडा मागा. आतल्या थरांत पोकळ्या किंवा एकमेकांवर चढलेले तुकडे दिसले तर तो पत्रा सोडा. आयएस ३०३ या भारतीय मानकातील बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीचा माल घ्यावा. आयएस ७१० चा मरीन प्लाय उत्तमच, पण दिवाणखान्यासाठी त्याची गरज नाही. बर्च प्लायची कड सर्वांत सुबक दिसते, १८ मिमीत १३ थर असतात, परंतु खर्च बराच वाढतो.

आणि जाडी कॅलिपरने मोजा. १८ म्हणून घेतलेला पत्रा साडेसतरा भरला तर १६ थरांत ८ मिमी कमी पडतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. थेंबाचा आकार सोडून देताना थोडे वाईट वाटले, पण जाडीच्या दिशेने फुगण्याचा मुद्दा मला ठाऊकच नव्हता. नवा आराखडा असा केला आहे: बाहेरून २१ बाय ३६ सेंमी, १६ थर, पुढे दोन आणि मागे दोन भरीव, मध्ये १२ कड्या, भिंत २५ मिमी. आतली खोली २१.६ सेंमी येते आणि आकारमान १०.७ लिटर, गोल कोपरे, तीन पूल आणि वूफरची पाठ वजा जाता साडेनऊच्या आसपास उरावे. आठ बाय चार फुटांच्या एका पत्र्यातून असे ३३ तुकडे निघतात आणि मला ३२ लागतात, हा योग पाहून फार आनंद झाला. शिवाय ज्या कड्यांत पूल नाही त्यांच्यातून निघणारे १८ भरीव तुकडे फेकून न देता त्यांचेच मागचे दोन छोटे स्पीकर करावेत असे वाटते.

आता सर्व थर एकाच वेळी चिकटवावेत का, एवढेच सांगावे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मुळीच नको. ओल्या फेव्हिकॉलवर दाब आला की थर माशासारखे सुळकन सरकतात, आणि उन्हाळ्यात पहिल्या थराचा गोंद शेवटचा थर ठेवेपर्यंत सुकू लागतो. एका वेळी तीन किंवा चार थर घ्यावेत. पण त्याआधी एकच कडी कानस आणि पॉलिश पेपरने अचूक करून तिचा फर्मा करा; बाकीचे तुकडे जिगसॉने २ मिमी मोठे कापा आणि बेअरिंगच्या राउटर बिटने (बेअरिंग फर्म्यावरून फिरते आणि पाते जादा लाकूड कापते) फर्म्याबरोबर आणा. बिट कार्बाइडचाच हवा, प्लायमधला गोंद साध्या पात्याची धार लगेच मारतो. पुलाच्या कड्याही याच फर्म्यावर बाहेरून करून घ्याव्यात. प्रत्येक कडीच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत फर्म्यावरूनच ८ मिमीची भोके पाडून त्यांत लाकडी खुंट्या घातल्या की थर सरकण्याचा प्रश्नच उरत नाही. धूळ बारीक उडते, मास्क लावा.

३३ तुकड्यांपैकी एकच जादा आहे, हे मात्र मला फारसे रुचलेले नाही. पॅटर्न शॉपमध्ये आम्ही दहामागे एक जादा धरत असू. आणखी अर्धा पत्रा घ्या. वाया गेला नाही तर मधल्या स्पीकरला कामी येईल.

आतूनही सीलरचे दोन हात द्या, नुसते बाहेरून पॉलिश केले तर दमट हवा आतून शिरते. वूफर बसवल्यावर त्याचा शंकू बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर खोके बंद आहे. झटकन परतला तर ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून, पंखा बंद करून, पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवा. जिथे धूर थरथरतो तिथे गळती आहे.

मागच्या छोट्या स्पीकरांची कल्पना चांगली आहे. मात्र त्यांसाठी जिगसॉचे पाते घालण्याचे भोक तुकड्याच्या आत न पाडता कडीच्या कोपऱ्यालगत पाडावे, म्हणजे तुकडा पूर्ण हाती लागतो.