यूएसबी हार्ड डिस्कवर कॉपीचा वेग सेकंदाला ३५ एमबीच्या वर जात नाही (डेबियन १२)

प्रश्न
डेबियन १२, कर्नल ६.१. डिस्क २ टीबीची, अडीच इंची, यूएसबी ३, एनटीएफएस (विंडोजचा) फॉरमॅट. लॅपटॉपच्या एसएसडीवरून साधारण ६०० जीबी व्हिडिओ हलवायचे आहेत. आरसिंक (फाइल कॉपी करणारी कमांड) सुरू केलं की पहिली काही सेकंदं ३०० एमबी दिसतात, मग वेग ३५ वर येतो आणि तिथेच बसतो. स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी) ५ (बदललेले सेक्टर), १९७ (संशयित सेक्टर) आणि १९९ (केबलवरच्या चुका) तिन्ही शून्य. फॉरमॅट बदलून लिनक्सचा एक्स्ट४ करू का?

उत्तर १
फॉरमॅटला एवढ्यात हात लावू नका. ३५ या आकड्यावरूनच संशय येतो. यूएसबी २ म्हणजे ४८० मेगाबिट, कागदावर ६० एमबी, प्रत्यक्षात ३५-४० हाती लागतात. 'एलएसयूएसबी -टी' चालवा. डिस्कच्या ओळीच्या शेवटी ५०००एम हवं. ४८०एम असेल तर डिस्क यूएसबी २ वर उतरलीय.

यूएसबी ३ मध्ये जुन्या चार पिनांशिवाय पाच जादा पिना असतात. त्यांचा संपर्क नीट झाला नाही, तर डिस्क काहीही तक्रार न करता जुन्या पिनांवर चालत राहते. डिस्ककडचा तो रुंद, मध्ये खाच असलेला मायक्रो-बी प्लग यात बदनाम आहे. पूर्ण आत दाबा, हब काढून थेट पोर्टला लावा, तरी नाही जमलं तर केबल बदला. आणि १९९ शून्य आहे म्हणून केबलला क्लीन चिट देऊ नका, तो सॅटाच्या (केसच्या आत डिस्कला जोडणाऱ्या) दुव्यावरच्या चुका मोजतो, यूएसबीच्या नाही.

सुरुवातीचे ३०० हा रॅमचा वेग, डिस्कचा नव्हे. खरा वेग बघायला डीडी (डेटा थेट लिहिणारी कमांड) वापरा: बीएस=१एम, काउंट=४०९६, कॉन्व्ह=एफडेटासिंक. 'ओएफ='पुढे माउंट केलेल्या फोल्डरातली नवी फाइल द्या. तिथे चुकून /डेव्ह/एसडीबी (म्हणजे खुद्द डिस्क) लिहिलंत तर पार्टिशन टेबलासकट डेटा गेला.

प्रश्नकर्ता
४८०एमच होतं. केबल बदलल्यावर ५०००एम दिसतंय, ड्रायव्हर यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलायची वेगवान पद्धत). आता ११० ने सुरू होतं, पण ४० जीबीच्या आसपास गेल्यावर १२ वर घसरतं, मधूनच शून्य.

उत्तर २
ही बहुतेक एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) डिस्क आहे. अडीच इंची २ टीबीत तेच जास्त. ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर त्यावर चढलेले पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. हे टाळायला डिस्क आधी एका राखीव भागात लिहून घेते. तो भरला की आवराआवर आणि तुमची कॉपी एकाच हेडवर भांडतात.

खात्री करायला कॉपी चालू असताना 'आयओस्टॅट -एक्स १' बघा. युटिल (डिस्क किती गुंतलीय) १०० टक्के, डब्ल्यू_अवेट (एका लेखनाला लागणारा वेळ) शेकडो मिलिसेकंद आणि लिहिणं मात्र जेमतेम १०-१२ एमबी, असं दिसलं तर हेच. कॉपी थांबवून, डिस्क शांत झाल्यावर 'एचडीपार्म -टी' द्या (टी स्मॉल, कॅपिटल टी फक्त रॅम मोजतो). वाचन १०० च्या आसपास आलं तर एसएमआरवरचा संशय पक्का. पण डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) डिस्क 'रीसेट' झाल्याच्या किंवा यूएएस अबॉर्टच्या ओळी येत असतील, तर गोष्ट वेगळी: पोर्टचा करंट कमी पडतोय किंवा (सॅटा डिस्कला यूएसबीशी जोडणाऱ्या) ब्रिज चिपचं यूएएसशी जमत नाही.

एसएमआरच असेल तर ३०-४० जीबीच्या तुकड्यांत कॉपी करा आणि मध्ये डिस्क जोडलेली ठेवून मोकळी सोडा. दोन कॉपी एका वेळी चालवू नका.

उत्तर ३
एनटीएफएसबद्दल: माउंट एनटीएफएस-३जीने होत असेल तर तो फ्यूजवर (म्हणजे कर्नलबाहेर) चालतो, सीपीयू जास्त खातो. कर्नल ५.१५ पासून एनटीएफएस३ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, 'माउंट -टी एनटीएफएस३' करून बघा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल किंवा डिस्क इजेक्ट न करता ओढली असेल, तर व्हॉल्यूम डर्टी (नीट बंद न झालेला) राहतो आणि एनटीएफएस३ माउंट करायला नकार देतो. तेव्हा 'फोर्स' लावू नका, विंडोजमध्ये चेकडिस्क चालवा. १२ एमबीचं खापर मात्र एनटीएफएसवर फोडता येणार नाही. डिस्क फक्त लिनक्सलाच लागणार असेल तर एक्स्ट४ करा, पण वेगासाठी म्हणून नको.