लिस्बनसाठी तीन दिवस: पुरेसे की परवडत नाहीत?

तेजोकाठ (धागाकर्ता)

आपल्याकडे युरोपची सहल ठरते ती बहुधा दहा दिवस आणि पाच देश अशा हिशेबाने. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. एका वेळी एकच राजधानी घ्यावी, तिला तीन पूर्ण दिवस द्यावेत, आणि त्या तीन दिवसांत शहर सोडून कुठेही जाऊ नये. उदाहरण पोर्तुगालच्या लिस्बनचं घेतो. ते मला बऱ्यापैकी माहीत आहे आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्याशी त्याचं जुनं, कडवट नातं आहे.

हे शहर कळायला सुरुवात एका तारखेपासून करावी: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चमध्ये गर्दी. भूकंप झाला, मागोमाग तेजो नदीतून त्सुनामीच्या लाटा आल्या, आणि पडझडीत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. आज बायशा भागात जे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते दिसतात ते राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने त्यानंतर वसवलेले आहेत. तिथल्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला, जमीन हादरली तर इमारत हलावी पण कोसळू नये म्हणून. वरच्या टेकडीवरचं कार्मोचं चर्च मात्र छपराविना तसंच ठेवलंय. कमानी उभ्या, वर नुसतं आभाळ.

अल्फामा या जुन्या वस्तीच्या चढावर सांता लुझियाचं चर्च लागतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांत भूकंपाआधीचा राजवाड्याचा चौक चितारलेला आहे. आधी तो नीट पाहा आणि मग उतार उतरून नदीकाठच्या खऱ्या चौकात जा. राजवाडा तिथे होता. पूर्वेकडच्या व्यापाराचा कारभार पाहणारी कचेरी, कासा दा इंडिया, तीही तिथेच होती. तिचं दफ्तर त्या भूकंपात नष्ट झालं. चित्रातली जागा प्रत्यक्षात शोधायची तर घाई करून चालत नाही.

जवळच्या सिंत्रा गावाला रोसियू स्टेशनवरून गाडीने पाऊण तासात पोहोचता येतं हे खरं. पण तिथल्या राजवाड्यांच्या रांगांत दिवस संपतो, आणि तीनातला एक गेला की उरलेले दोन धावपळीत जातात. माझा आराखडा असा: एक दिवस बेलें (नदीकाठचा जुना मठ आणि मनोरा असलेला भाग), एक दिवस अल्फामा आणि कार्मो, एक दिवस पूर्ण मोकळा. सोमवार बेलेंसाठी ठेवू नका, मठ आणि मनोरा दोन्ही बंद असतात.

कोथरूडची मीरा

आराखडा छान आहे, पण तो आधीच युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे. पुण्याहून निघणाऱ्याचा हिशेब मांडा ना. शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्या माणसामागे ९० युरो, वर व्हिसा केंद्राचे पैसे, विमा, बँकेची स्टेटमेंट्स, आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जिवाला घोर. मुंबईहून मध्ये कुठेतरी विमान बदलायचं, म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस प्रवासातच गेले. एवढं करून एकाच शहरात तीन दिवस आणि त्यातला एक ‘मोकळा’? चौघांच्या कुटुंबाने हा खर्च कसा करायचा?

दुसरं म्हणजे, पाच देशांच्या टूरबद्दल इथे नेहमीच नाक मुरडलं जातं. माझ्या सासूबाई सत्तरी ओलांडल्यावर तशा टूरने गेल्या. आल्प्सचा बर्फ, व्हेनिसचे कालवे, पॅरिस, सगळं एका फेरीत पाहिलं. आजही फोटो काढून तासन्‌तास सांगत बसतात. पुन्हा जाणं होणार नाही हे त्यांना निघतानाच माहीत होतं. अशा माणसाला ‘एकच शहर बघा, खोलात बघा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहतो. शुक्रवारी संध्याकाळी पाठीवर एक बॅग टाकून निघायचं आणि सोमवारी कामावर हजर, हेच आमचं फिरणं. त्यामुळे धागाकर्त्याशी बराचसा सहमत. लिस्बन अशा सहलीसाठी सोयीचंही आहे, विमानतळावरूनच मेट्रो मिळते. फक्त सहलीला अभ्यासाचं ओझं नको. भूकंपाची तारीख माहीत नसलेला माणूससुद्धा काईस दु सोद्रेहून फेरीबोटीने पलीकडे कासिल्याशला जाऊन आला तर खूश होऊन परततो. दहा मिनिटांचा प्रवास, आणि अख्खं शहर पाण्यावरून दिसतं.

मांडवीकाठ

मी गोव्याची. ‘जुनं, कडवट नातं’ एवढ्या तीन शब्दांत विषय उरकलात आणि लगेच बेलेंचा दिवस ठरवून मोकळे झालात, हे मला पटलं नाही.

बेलेंचा जेरोनिमुश मठ १५०१ मध्ये बांधायला घेतला. पैसा आला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून, मिरी-मसाल्यांच्या पैशातून. आत वास्को द गामाची कबर आहे. माणूस वारला १५२४ मध्ये कोचीत, अवशेष इकडे आणले. बाहेर नदीकाठी दर्यावर्दींचं ते भलंमोठं स्मारक. लोक तिथे हात पसरून फोटो काढतात आणि रांग लावून अंड्याचे टार्ट खातात. माझ्याच्याने ते होत नाही.

लिस्बनमध्ये मराठी माणसाने आधी कुठे जावं तर सेच्या कॅथीड्रलजवळच्या अल्जूबला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत तिथे राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. २०१५ पासून संग्रहालय आहे. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या होत्या तिथे. सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्तिलढ्यात १९५५ मध्ये पकडले गेले, पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात ठेवलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत! त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी किती खटपट केली हे आपल्या आधीच्या पिढीला ठाऊक होतं. तीन दिवसांच्या आराखड्यात याला अर्धा दिवसही नाही?

तेजोकाठ

मांडवीकाठ, अल्जूब यादीत हवंच, आणि ते अल्फामाच्या दिवशी अगदी वाटेवर आहे. पण बेलें टाळावं हे मला मान्य नाही. ते स्मारक पहिल्यांदा १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं आणि १९६० मध्ये पक्कं बांधलं. दोन्ही वेळा सत्ता सालाझारचीच. १९६० मध्ये रानडे कैदेत होते. अल्जूब पाहून बेलेंला गेलं की त्या दगडी पुतळ्यांकडे पाहण्याची नजरच बदलते. नुसतं अल्जूब पाहिलं तर तुरुंग दिसेल, तो चालवणाऱ्यांना स्वतःबद्दल काय वाटत होतं ते दिसणार नाही.

आणि कार्मोच्या चौकात जाल तेव्हा हेही लक्षात असू द्या: २५ एप्रिल १९७४ रोजी तिथल्याच बराकीला हुकूमशाहीविरुद्ध उठलेल्या सैनिकांनी वेढा घातला आणि सालाझारचा वारस मार्सेलु कायतानु शरण आला. त्यानंतरच, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला, गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार दिल्लीत झाला. म्हणून म्हणतो, या शहराला वेळ द्या.

मांडवीकाठ

नजर बदलते हे मान्य. मग क्रम तरी बदला. पहिला दिवस अल्जूबचा, बेलें त्यानंतर. तुमच्या आराखड्यात बेलें आधी आहे.

सात टेकड्या

मी गेली काही वर्षं लिस्बनमध्येच राहतो, आणि मला तुम्हा सगळ्यांशी भांडायचं आहे. दोन-तीन रात्रींची सहल हीच इथली अडचण होऊन बसली आहे. अशा पाहुण्यांसाठी अल्फामा आणि मोरारियामधली घरं एकामागून एक भाड्याच्या खोल्या झाली. ज्या गल्ल्यांमध्ये म्हाताऱ्या खिडकीतून एकमेकींशी बोलायच्या तिथे आता दाराला कुलपाच्या पेट्या आहेत. २०१८ मध्ये महापालिकेने जुन्या भागांत अशा घरांचे नवे परवाने थांबवले, २०२४ मध्ये पर्यटक कर दर रात्री माणशी २ युरोंवरून ४ केला. तरी २८ नंबरच्या ट्राममध्ये बाजारहाट करून येणाऱ्या बाईला पाय ठेवायला जागा मिळत नाही. ती ट्राम लोकांच्या येण्या-जाण्याची आहे, तिची सफर केली नाही म्हणून काही अडत नाही. पायी चढा.

यायचंच तर आठवडाभर या, आणि हॉटेलात राहा.

कोथरूडची मीरा

म्हणजे ज्याला आठवड्याची रजा आणि आठवड्याचं हॉटेल परवडतं त्यानेच यावं? घरभाडी वाढतात त्याला महापालिका आहे, कायदे आहेत. वर्षानुवर्षं पैसे साठवून एकदा येणाऱ्या कुटुंबावर त्याचा दोष का? आणि ‘पायी चढा’ हे गुडघे दुखणाऱ्यांना कसं सांगायचं?

सात टेकड्या

दोष तुमच्या कुटुंबाचा नाही, पण फ्लॅट घ्यायचा की हॉटेल हे तर तुमच्याच हातात आहे. तेवढं केलंत तरी माझं भांडण संपलं.

गुडघ्यांचं मात्र मनावर घ्या. इथल्या फुटपाथवर लहान गुळगुळीत दगड बसवलेले आहेत, पाऊस पडला की पाय घसरतो. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यांनी खालच्या भागातून थेट वर शियादुत निघता येतं, तिथून कार्मो जवळ. बेलेंला १५ नंबरची ट्राम जाते, तो भाग सपाट आहे.

ऱ्हाइनकाठ

शाकाहारींसाठी एक सूचना. काल्दु वेर्द हे पालेभाजी-बटाट्याचं सूप दिसतं निरुपद्रवी, पण त्यात बहुतेक वेळा सॉसेजची चकती असते. विचारून घ्या. कॅफेत ‘शामूसा’ दिसेल, तो आपलाच सामोसा, पण त्यात बरेचदा खिमा असतो. मार्तीं मोनिझ चौकाच्या आसपास दक्षिण आशियाई दुकानं आणि खानावळी आहेत, तिथे डाळ-भाताची सोय होते.

कोथरूडची मीरा

उपयोगी माहिती, आभार. तरी माझं मत बदललेलं नाही. इतक्या लांब येऊन एकच शहर आम्हाला पटणार नाही. लिस्बनला चार रात्री आणि मग पोर्टो, असं केलं तर?

तेजोकाठ

चार रात्री म्हणजे मधले तीन पूर्ण दिवस, म्हणजे माझंच म्हणणं झालं! पोर्टो जोडायचंच असेल तर लिस्बनला उतरा, साधारण तीन तासांच्या रेल्वेने पोर्टोला जा आणि परतीचं विमान तिथूनच धरा. लिस्बनला माघारी येण्यात एक दिवस घालवू नका. आणि मांडवीकाठ म्हणतात तसं अल्जूब आधी, बेलें नंतर. वरचा आराखडा तसा बदलून घ्या.