मदत हवी आहे: नाल्याच्या पाण्यानं खराब झालेलं शेत

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगाव शिवारात बळ्ळारी नाल्याला लागून आमचं दीड एकर भाताचं शेत आहे. यंदा पावसात नाल्याचं पाणी आत शिरून आठ दिवस तुंबलं. आता मातीवर काळपट तेलकट साय धरलीय, ढेकूळ फोडलं की गटारीचा वास.

बांधाला कर्दळ आणि पाणकणीस लावायचा विचार आहे. त्यांच्या मुळांशी वाढणारे जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात. पण शिसं, कॅडमियम असलं तर ते जिवाणूंनाही संपवता येत नाही. मोहरी ते शोषून घेते, मग त्या मोहरीचं करायचं काय? म्हशीला तर घालता येणार नाही की! नेहमीच्या माती तपासणीत नत्र-स्फुरद-पालाश असलं कळतंय, शिसं-कॅडमियम नाही. हे धातू कुठं तपासून मिळतील? आणि कुणी वाळा (खस गवत) लावून बघितलाय काय ओ?