ट्रॅव्हल ट्रेलरच्या वेट डिस्ट्रिब्युशन हिचला (ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) स्प्रिंग बार किती रेटिंगचे घ्यावेत?

ट्रेलर भरल्यावर 2,300 किलो, टंगवर (ट्रेलरचा पुढचा, गाडीला जोडायचा दांडा) 290 किलो, म्हणजे साधारण 640 पाउंड (काट्यावर मोजलंय, अंदाज नाही). पिकअप आहे, रिसीव्हर (गाडीमागची हिच बसवायची चौकोनी खाच) 2 इंची, ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर बसवलाय. साध्या बॉल माउंटवर (ट्रेलर अडकवायचा गोळा असलेली जोडणी) गाडी मागून बसते, स्टिअरिंग हलकं लागतं आणि शेजारून ट्रक गेला की ट्रेलर डुलतो. टायरची हवा बघितली, सामान हलवून पाहिलं, फ्रिक्शन स्वे बार (घर्षणाने डुलणं रोखणारा दांडा) लावला तर डुलणं कमी झालं पण मागचं बसणं तसंच, वर रिव्हर्सला तो काढायचा वैताग वेगळाच. एअरबॅग (मागच्या सस्पेन्शनला लावायची हवेची पिशवी) सुचवू नका, त्याने मागची बाजू उचलेल पण पुढच्या चाकांवर वजन परत येणार नाही. तेव्हा वेट डिस्ट्रिब्युशन हिचच घेणार, फक्त बार 600 पाउंडचे घेऊ की 800 चे, आणि गाडीत मागे ठेवलेलं सामानपण त्या हिशोबात धरायचं का?